होयबाला फोन दाद का देत नाहीत?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वायफायची सुरक्षा तपासायला वापरतात ते 'वायफाय पायनॅपल' नावाचं यंत्र आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून घेतलं. प्रयोग घरीच, आमच्याच फोनवर चालू आहेत. पण व्हिडिओत दाखवतात तसं काहीच घडत नाही. एक तर आपोआप एकही फोन त्याला जोडला जात नाही. दुसरं, यादीत नाव दिसतं, त्यावर बोट ठेवलं की थोडा वेळ 'जोडत आहे' म्हणतो आणि सुटतो. आईचा फोन एकदाचा जोडला गेला, तर 'इंटरनेट नाही' म्हणून पुन्हा मोबाइल डेटावर पळाला. यंत्र बिघडलेलं आलंय का? परत पाठवावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : परत पाठवू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली मुळात तक्रारच नाही. गेल्या वीस वर्षांत फोन शहाणे झाले, त्याची ती पावती आहे. दुसरी बहुधा तुमच्या मांडणीतली चूक. आणि तिसरीचा दोषी सहसा यंत्र नसून त्याच्या पाठीमागे बसलेला लॅपटॉप निघतो. (आईचा फोन आईला विचारून घेतला होता, असं धरून चालतो.)

पहिलीपासून सुरू करू, कारण खरी गंमत तिथे आहे. विंडोज एक्सपीच्या काळातला लॅपटॉप आठवा. चालू केला की तो आजूबाजूला हाका मारत सुटायचा. घरचं वायफाय आहे का? ऑफिसचं? मागच्या महिन्यात राहिलो त्या लॉजचं? पूर्वी ज्या ज्या नेटवर्कला जोडला गेला, त्यांची नावं एकेक करून हवेत सोडायची आणि कोण 'ओ' देतंय ते पाहायचं, अशी त्याची रीत. या हाकांना प्रोब रिक्वेस्ट म्हणतात. त्या उघड्या असतात. पासवर्ड असलेल्या नेटवर्कला मारलेली हाकही उघडीच, कारण तोवर कुलूप लावण्याइतकी दोघांची ओळखच झालेली नसते.

डिनो दाई झोवी आणि शेन मॅकॉले या दोन संशोधकांनी २००४-०५च्या सुमारास विचारलं, की प्रत्येक हाकेला 'हो, मीच तो' असं उत्तर देणारा कोणी उभा राहिला तर? एसटी स्टँडवर 'कोल्हापूरची गाडी कुठली हो?' म्हणणाऱ्यालाही 'हीच, बसा' आणि 'मिरजेची कुठली?' म्हणणाऱ्यालाही 'हीच, बसा' सांगणारा इसम असावा, तसं. त्यांनी हे करून दाखवलं आणि त्या साधनाला कर्मा असं नाव दिलं. पुढे २००८ साली रॉबिन वुड यांनी तेच तंत्र फॉन नावाच्या एका छोट्या, स्वस्त राउटरवर बसवलं. त्याचं नाव यासागर. हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा अर्थ कशालाही हो म्हणणारा माणूस. मराठीत त्याला फोड करून सांगावं लागत नाही, आपल्याकडे 'होयबा' आहेच. हॅक फाइव्ह या कंपनीचं पायनॅपल याच होयबाच्या पोटी २००८ साली जन्मलं. तुमच्याकडे बहुधा २०२०चं मार्क सेव्हन असेल.

म्हणजे हे यंत्र उभं आहे ते समोरच्याच्या भाबडेपणावर. आणि भाबडेपणा तेव्हा ओसंडून वाहत होता. 'फ्री पब्लिक वायफाय' या नावाचं एक नेटवर्क त्या काळात जगभरच्या विमानतळांवर दिसायचं. लोक आशेनं जोडायचे, इंटरनेट काही मिळायचं नाही. ते कोणी बसवलेलंच नव्हतं. ओळखीचं नेटवर्क सापडलं नाही की एक्सपी शेवटच्या जोडणीचं नाव घेऊन स्वतःच थेट लॅपटॉप-ते-लॅपटॉप जाळं उभं करायचा. शेजारचा त्याला जोडला की त्याच्याही यादीत ते नाव जायचं, मग तो पुढच्या विमानतळावर तेच करायचा. सर्दी पसरावी तसं ते नाव पसरलं.

आता तुमच्या टेबलावरचा फोन पाहा. तो हाका मारत नाही. मारली तरी बिननावाची, 'कोण कोण आहे इथे?' एवढीच. बहुतेक वेळ तर तो नुसता कान देऊन बसतो. प्रत्येक राउटर साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, आपलं नाव पुकारत असतो. त्याला बीकन म्हणतात. फोन ते ऐकतो, आपल्या वहीतल्या नावांशी मनातल्या मनात ताडून पाहतो, आणि जुळलं तरच तोंड उघडतो. स्टँडवरचा हा प्रवासी कोणाला विचारत नाही, गाडीची पाटी वाचतो. विचारणाराच नाही, तर होयबा 'हो' म्हणणार कोणाला?

त्यात भर म्हणजे फोन आता खोट्या नावानं वावरतो. वायफाय चिपला कारखान्यातून मिळालेला पत्ता, म्हणजे मॅक, पूर्वी फोन प्रत्येक हाकेत सांगायचा. आयफोनने २०१४च्या आयओएस ८पासून शोध घेताना हा पत्ता बदलता ठेवायला सुरुवात केली. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आणि २०२०च्या आयओएस १४पासून तर जोडला गेल्यावरही फोन खरा पत्ता देत नाही. प्रत्येक नेटवर्कसाठी बनवलेला वेगळा पत्ता देतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, दुसऱ्या तक्रारीत तो पुन्हा आडवा येणार आहे.

तरी मुख्य पहारेकरी हे दोन्ही नव्हेत. तो तिसराच, आणि तो फार साधा आहे. फोन नेटवर्कचं नुसतं नाव लक्षात ठेवत नाही, त्याला कुलूप कुठल्या जातीचं होतं हेही नोंदवून ठेवतो. तुमच्या घरचं नेटवर्क डब्ल्यूपीए टू पासवर्डचं आहे. तुम्ही यंत्रावर तेच नाव दिलंत, पण बिनपासवर्डचं. तुमच्या दृष्टीनं नाव तेच. फोनच्या दृष्टीनं हा नावबंधू आहे, घरचा नव्हे. मग पासवर्ड लावून ठेवला तर? तर दोघांनी एकमेकांना पासवर्ड ठाऊक असल्याचा पुरावा द्यावा लागतो, पासवर्ड न उच्चारता. चार निरोपांत हा पुरावा होतो आणि त्यात होयबागिरी चालत नाही. नुसतं 'हो' म्हणून गणिताचं उत्तर बरोबर येत नसतं.

मग आपोआप जोडले जाणार ते कोण? ज्यांच्या वहीत एखादं बिनपासवर्डचं नेटवर्क लिहिलेलं आहे ते. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेलचं फुकट वायफाय सुरू झालं आणि पुढे शेकडो स्टेशनांवर गेलं, तेव्हा अशी नावं लाखो फोनांच्या वह्यांत गेली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि स्टेशनवर वायफाय शोधणं लोकांनी सोडलं. तुमच्या आईच्या फोनमध्ये उघडं नेटवर्क कधी नोंदलंच गेलं नसेल, तर तो यंत्राकडे आपणहून येण्याचं काही कारणच नाही.

हे तपासून पाहायचं असेल तर असं करा. मित्राच्या फोनवर बिनपासवर्डचा हॉटस्पॉट सुरू करा, त्याला कुठेच नसेल असं विचित्र नाव द्या, आपला फोन एकदा हाताने त्याला जोडा. मग हॉटस्पॉट बंद करा आणि यंत्रावर अगदी तेच नाव, तसंच उघडं, ठेवा. फोनच्या त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आपोआप जोडण्याची मुभा चालू आहे ना, तेही पाहा. आता फोन आला तर यंत्र ठणठणीत आहे. नाही आला, तरी घाई नको. अँड्रॉइड फोन मनात धरून ठेवतो. एखादं नेटवर्क दोन-चारदा फसलं की काही काळ तो त्याच्याकडे बघतही नाही. तुम्ही चिडून पुन्हा पुन्हा बोट ठेवता, त्याचा रुसवा वाढत जातो. फोनमधून ते नेटवर्क विसरायला लावा, वायफाय बंद-चालू करा, मगच पुढचा प्रयोग.

आता दुसरी तक्रार, 'जोडत आहे' म्हणून सुटणं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. एकदम दहा सेटिंग बदलतात. मग चालू झालं तरी कशानं ते कळत नाही आणि बंद पडलं तरी कशानं ते कळत नाही. फोनच्या पडद्यावर 'जोडत आहे' हे एकच वाक्य दिसतं. पण त्यामागे चार पायऱ्या असतात. आधी ओळखपाळखीचा एक औपचारिक निरोप. मग असोसिएशन, म्हणजे राउटरच्या हजेरीपटावर नाव लागणं. मग पासवर्ड असेल तर ते चार निरोप. आणि शेवटी डीएचसीपी, म्हणजे फोनला आयपी पत्ता मिळणं. फोन कितव्या पायरीवरून घसरला हे कळलं की अर्धं काम झालं. यंत्राची लॉग नोंदवही त्यासाठीच आहे. ती उघडी ठेवा, फोनवर एकदाच बोट ठेवा, आणि वाचा.

पहिल्या दोन पायऱ्यांवरच हकालपट्टी होत असेल, तर आधी यंत्रातले फिल्टर पाहा. नव्वद टक्के वेळा, असं म्हणायचा मोह होतो, पण मोजून कोण ठेवतं. पुष्कळ वेळा म्हणतो. पायनॅपलमध्ये दोन गाळण्या आहेत, एक फोनांसाठी, एक नेटवर्कच्या नावांसाठी. प्रत्येकीचे दोन कल. 'यादीतल्यांना मनाई' असा कल असला की यादी सोडून सगळ्यांना वाट. 'यादीतल्यांनाच परवानगी' असा कल असला की यादी सोडून सगळ्यांना भिंत. आता समजा कल परवानगीचा आहे आणि यादी रिकामी आहे. मग कोणालाच प्रवेश नाही, आणि यंत्र मात्र आपलं नाव सेकंदाला दहादा पुकारतंय! एका कॉलेजात कार्यशाळा घेताना मी तीस मुलांसमोर पाऊण तास घाम गाळला होता. केबल बदलली, चॅनल बदलला, यंत्र दोनदा कोरं करून पुन्हा बसवलं, आणि दर वेळी सुरुवातीच्या प्रश्नावलीत घाईघाईनं तोच परवानगीचा कल निवडला. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, 'सर, पण यादीत कोण आहे?' कोणीच नव्हतं.

यावरून तुम्ही यादीत फोनचा मॅक पत्ता घालायला जाल, आणि इथे मघाशी सांगितलेला खोट्या नावाचा मुद्दा आडवा येईल. फोनच्या 'अबाउट'मध्ये छापलेला पत्ता खरा असतो. यंत्राला दिसतो तो बनावट. तुम्ही खरा पत्ता यादीत लिहिलात तर यंत्र म्हणणार, हा कोणी दुसराच आला. बनावट पत्ता ओळखायची खूण सोपी आहे : पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. प्रयोगाच्या फोनवर त्या एका नेटवर्कपुरता बदलता पत्ता बंद करा, किंवा लॉगमध्ये दिसतो तोच पत्ता यादीत घ्या. दुसरा मार्ग निवडलात तर नेटवर्कचं नाव बदललं की पत्ताही बदलणार, हे विसरू नका.

फोन पासवर्डच्या पायरीवर अडत असेल तर लॉगमध्ये बहुधा पासवर्ड जुळत नसल्याची शंका नोंदलेली दिसेल. पासवर्ड कॉपी करताना शेवटी चिकटलेली मोकळी जागा हा माझा आवडता गुन्हेगार आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. दुसरं कारण नव्या फोनांत भेटतं. २०१८ला आलेल्या डब्ल्यूपीए थ्रीमध्ये राउटर-फोनमधले व्यवस्थापनाचे निरोपही सुरक्षित ठेवणं सक्तीचं आहे. ज्या नेटवर्कला फोन डब्ल्यूपीए थ्रीने ओळखतो, त्याच नावाचं डब्ल्यूपीए टूवालं नेटवर्क तुम्ही मांडलंत, तर काही फोन पायरी उतरायला नकार देतात. इथेही इलाज तोच : नवं नाव, कोरी वही.

शेवटची पायरी आयपी पत्त्याची. फोनवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, त्यानं 'मला पत्ता द्या हो' म्हणून हाका मारल्या, कोणी दिला नाही, म्हणून स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. आयफोन आणि लॅपटॉप हा पत्ता उघड दाखवतात. अँड्रॉइड तो लावून घेत नाही, 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत घुटमळतो आणि सुटतो. तुमचं वर्णन वाचून मला हीच पायरी संशयास्पद वाटते. पायनॅपल सहसा १७२.१६.४२ या घरातले पत्ते वाटतं, स्वतः १७२.१६.४२.१वर बसतं. फोनमध्ये त्या नावाच्या नेटवर्कला कोणी हाताने कायमचा पत्ता टाकून ठेवलाय का पाहा. इंटरनेट जोडायला आलेली केबलवाल्याची पोरं असे उद्योग करून जातात, आणि तुम्ही प्रयोगाला घरच्याच नेटवर्कचं नाव दिलंत तर तो जुना पत्ताही त्या नावाबरोबर येतो. बदलत्या मॅक पत्त्यांचा इथेही एक उपद्रव आहे : दिवसभर नावं बदलून प्रयोग केलेत, तर एकच फोन यंत्राला वीस फोनांसारखा दिसतो आणि वीस पत्ते अडवून बसतो. वाटायचे पत्ते संपले की एकविसाव्याला हात हलवत परत. यंत्र पुन्हा सुरू केलं की बहुधा मोकळं होतं.

पायऱ्यांच्या बाहेरची दोन कारणं चटकन सांगतो. मार्क सेव्हन मुळात २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. घरचा राउटर त्याच नावानं ५ गिगाहर्ट्झवर ठणठणीत ऐकू येत असेल तर फोन तिकडेच ओढला जाणार. आणि वीज. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी खाचेतून किंवा सापडेल त्या चार्जरवरून यंत्र चालवलंत तर रेडिओवर ताण आला की ते मध्येच आचके देतं. पाच व्होल्टला दोन ॲम्पिअर देणारा चांगला चार्जर आणि आखूड, जाड केबल वापरा. वरवर क्षुल्लक वाटतं. पण चांगली केबल लावल्यावर 'सॉफ्टवेअरमधला बग' नाहीसा झालेला मी पाहिला आहे.

आता आईचा फोन. तो जोडला गेला, म्हणजे चारही पायऱ्या चढला. यंत्राचा दोष तिथेच संपला. त्याला पुढे इंटरनेट मिळालं नाही, कारण यंत्राकडेच ते नव्हतं. तुम्ही विंडोज लॅपटॉपवरून इंटरनेट वाटून देत असाल तर एक नेहमीचा खड्डा आहे. यंत्र आपल्या पाठीमागे लॅपटॉप १७२.१६.४२.४२ या पत्त्यावर असेल असं धरून चालतं. विंडोजमध्ये इंटरनेट वाटपाचा खटका दाबला की विंडोज न विचारता त्या जोडणीचा पत्ता १९२.१६८.१३७.१ करून टाकतं. यंत्र एका दारावर टकटक करतंय, लॅपटॉप दुसऱ्या गल्लीत राहायला गेलाय. वाटप सुरू केल्यानंतर त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन पत्ता हाताने १७२.१६.४२.४२ आणि मास्क २५५.२५५.२५५.० करा. क्रम महत्त्वाचा : आधी वाटप, मग पत्ता. उलट केलंत तर विंडोज पुन्हा पुसून टाकतं.

मग यंत्राच्या टर्मिनलमधून बाहेर पिंग करून पाहा. आधी नुसत्या आकड्यांच्या पत्त्याला, मग नावाच्या पत्त्याला. आकड्यांना उत्तर येतं आणि नावांना येत नाही, तर घोळ डीएनएसचा. दोन्हींना येत नाही, तर अजून लॅपटॉपशीच झगडा. यंत्राचं घड्याळही एकदा बघा. अशा छोट्या यंत्रांत वेळ धरून ठेवणारी बॅटरी नसते, आणि तारीख मागची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात.

यंत्राला इंटरनेट मिळालं तरी फोन 'नाही' म्हणू शकतो, कारण तो आपल्या शब्दावर विसंबत नाही, स्वतः खात्री करतो. जोडणी होताच अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवतो आणि २०४ या आकड्याची वाट बघतो. २०४चा अर्थ 'निरोप पोचला, सांगण्यासारखं काही नाही'. आयफोन ॲपलच्या पानावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका छोट्या मजकुराची फाइल. अपेक्षित उत्तर आलं तर इंटरनेट आहे. त्याऐवजी दुसरंच पान आलं तर मध्ये कोणीतरी फाटक लावलंय, हॉटेलात असतं तसं, म्हणून फोन ते फाटक उघडून दाखवतो. काहीच आलं नाही तर 'इंटरनेट नाही', आणि खिशात रोजचे दोन जीबी पडून असताना फोन अशा वायफायवर थांबेल कशाला? तो डेटावर पळाला हे त्याचं शहाणपण. प्रयोगापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, म्हणजे तो जागेवर राहील आणि तुम्हाला पुढचं बघता येईल. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला एखादं ठरावीक नाव भरलेलं असेल किंवा कायम चालू राहणारं व्हीपीएन असेल, तर तेही तात्पुरतं बाजूला ठेवा.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. तुमचं यंत्र उघडं नेटवर्क हवेत सोडतं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा फोन त्याच्यावर आला, तर तो तुमच्या प्रयोगातला नमुना नाही, तो शेजाऱ्याचा फोन आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३मध्ये मालकाच्या परवानगीविना कोणाच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ती परवानगीवाली गाळणी, जिनं मला तीस मुलांसमोर उघडं पाडलं, तीच तुम्ही कायम चालू ठेवा. यादीत फक्त तिघांचे फोन. दुसरी बाजूही आहे. २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी पाठवलेला ई-मेल शोधत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचले होते. त्या घरचं वायफाय बिनपासवर्डचं होतं. प्रयोग संपला की यंत्राची वायर काढून ठेवत जा.

प्रश्न : घरच्या राउटरचं नाव लपवून ठेवलं की आपण सुरक्षित होतो, असं आमच्या सोसायटीतले एक जण सांगतात. खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उलट आहे. लपवलेलं नेटवर्क स्वतः नाव पुकारत नाही, मग तुमच्या फोनला ते शोधायचं कसं? एकच मार्ग उरतो, नाव घेऊन हाक मारणं. म्हणजे वरच्या उत्तरातली एक्सपीवाली जुनी खोड तुम्ही नव्या फोनला पुन्हा लावलीत. घरात नाव लपलं, आणि फोन मात्र ते नाव बाजारात, लोकलमध्ये, ऑफिसात सांगत फिरतो. लपवू नका. पासवर्ड लांब ठेवा, राउटरमध्ये डब्ल्यूपीए थ्रीची सोय असेल तर ती चालू करा.

प्रश्न : राउटरच्या यादीत माझाच फोन तीन वेगवेगळ्या पत्त्यांनी दिसतो. फोन हॅक झालाय का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. राउटरची मुख्य, ५ गिगाहर्ट्झची आणि पाहुण्यांची अशी तीन नावं असतील, तर फोन तिघांना तीन वेगळे पत्ते देतो. आयओएस १८मध्ये तर एकाच नेटवर्कसाठीही पत्ता ठरावीक ठेवायचा की अधूनमधून बदलता ठेवायचा, हे निवडता येतं. तिन्ही पत्त्यांतलं दुसरं अक्षर बघा. २, ६, ए किंवा ई असेल तर तो तुमचाच फोन आहे, मुखवटा घालून बसलेला. तसं नसेल तर मात्र घरात विचारा, जुना टॅब कोणी कपाटातून बाहेर काढलाय का ते.